ईसीजी काढताना या चुका टाळा

बटण दाबलं की पट्टी बाहेर येते, म्हणून नवीन पोरांना वाटतं ईसीजी म्हणजे दोन मिनिटांचं काम. पण लीड (अंगावर चिकटवायची वायरीची टोकं) चुकीच्या जागी असेल तर मशीन चुकीचीच पट्टी काढणार, आणि त्यावर रिपोर्टही छापून देणार.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो व्ही वन, व्ही टू हे छातीचे पहिले दोन लीड ठरल्या जागेपेक्षा वरच्या बाजूला लावण्याचा. त्यांची जागा बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत, छातीच्या हाडाच्या उजव्या आणि डाव्या कडेला, आणि अर्धे लोक ते गळ्याजवळ चिकटवतात. अंदाज नको, मोजा! गळ्याच्या खाचेतून बोट खाली आणलं की हाडावर आडवा उंचवटा लागतो, त्याच्या शेजारी दुसरी बरगडी, तिच्याखाली दुसरी फट, तिथून आणखी दोन फटी खाली. मी आजही प्रत्येक पेशंटला अशीच मोजते.

एक आजी आल्या होत्या, गुडघ्याच्या ऑपरेशनच्या फिटनेससाठी बाहेर ईसीजी काढलेला आणि त्यावर छापून आलेलं की जुना हार्ट अटॅक आहे. ऑपरेशन पुढे ढकललं, मुलगा रजा टाकून धावत आला, आणि आजी रडत एकच सांगत होत्या, "अगं बाई, मला कधी छातीत दुखलंच नाही." पट्टी बघितली तर व्ही टूमध्ये पी वेव्ह (ठोक्यातली पहिली छोटी लाट) उलटी आणि आर (वर जाणारं उंच टोक) जवळजवळ गायबच. लीड जास्त वर लावलं की असंच येतं. नीट मोजून परत काढला तर पी सरळ, आर व्ही वनपासून छान चढत गेलेली. डॉक्टरांनी खात्रीसाठी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, हृदय ठणठणीत.

हातांच्या वायरी उलटसुलट होणं हे दुसरं दुखणं. पट्टीवर लीड वन आणि एव्हीआर या हातापायांच्या वायरींवरून येणाऱ्या नोंदी; त्यात लीड वन पूर्ण उलटा आणि एव्हीआर सरळ दिसला की हृदय उजवीकडे आहे म्हणून घाबरायच्या आधी छातीचे लीड बघा, तिथे आर नीट वाढत असेल तर बहुतेक वायरीच बदलल्यात. आपल्याकडे बहुतेक केबलवर लाल उजवा हात, पिवळा डावा हात, हिरवा डावा पाय, काळा उजवा पाय, पण अमेरिकन केबलवर लाल डाव्या पायाला असतो, म्हणून रंगावर न जाता वायरीवरची अक्षरं वाचा.

जेल छातीभर फासू नका, शेजारचे लीड एकमेकांना जोडले जातात.

कागदाचा स्पीड सेकंदाला २५ मिमी आहे ना बघा, चुकून ५० असेल तर चौकोन मोजून हृदयाच्या ठोक्यांचा रेट निम्मा निघतो.

पट्टी थरथरली की लगेच मशीनचा ४० हर्ट्झचा फिल्टर (वेगवान थरथर गाळणारा) लावायचा, हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही, त्यात बारीक खाचा पुसल्या जातात. आधी एसी कमी करा, पेशंटला पांघरूण द्या, हात सैल सोडायला सांगा. एकसारखी बारीक दाट करवत दिसली तर ती लाईटच्या ५० हर्ट्झची, बेडजवळचा मोबाईल चार्जर काढून बघा.

आणि नातेवाईकांना आवर्जून सांगा, पट्टी लॅमिनेट करू नका, थर्मल कागद उष्णतेने काळा पडतो. झेरॉक्स काढून फाईलला लावा, पुढच्या वेळी डॉक्टर जुना ईसीजी मागणारच.