फ्लॉवरचा लो-कार्ब पिझ्झा : कुरकुरीत बेस हवा तर आधी पाणी काढा

मैद्याऐवजी फ्लॉवरचा बेस केला, की तो हातात धरून खाता येईल की चमच्याने उचलावा लागेल, हे एकाच गोष्टीवर ठरतं : भाजीतलं पाणी किती निघालं. फ्लॉवरच्या वजनात सुमारे ९२ टक्के पाणीच असतं. मैद्याचा बेस ग्लुटेन धरून ठेवतं. फ्लॉवरमध्ये ग्लुटेन नाही, त्यामुळे ते काम अंडं आणि वितळलेलं चीज करतं. पाणी जास्त राहिलं तर या दोघांचीही पकड सुटते. मग लोक पीठ वाढवतात, आणि लो-कार्बचा हेतूच जातो.

साधारण २६ सेंमी व्यासाच्या एका बेससाठी लागेल :

फ्लॉवरचे तुरे ६०० ग्रॅम (जाड देठ काढून)
अंडं १
किसलेलं मोझरेला चीज ६० ग्रॅम
बदामाचं बारीक पीठ ३० ग्रॅम
इसबगोल पावडर १ छोटा चमचा (नसलं तरी चालतं)
मीठ पाव छोटा चमचा, मिरपूड, ओरेगॅनो

मोझरेला कोरडं, ठोकळ्याच्या रूपात मिळतं ते घ्या. पाण्यात ठेवलेले मऊ गोळे इथे नकोत, त्यांच्यातून पुन्हा पाणी सुटतं.

तुरे धुऊन पूर्ण कोरडे करा. मग किसा किंवा मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, नाहीतर खालचा थर लगदा होतो आणि वरचे तुरे तसेच राहतात. तांदळाच्या दाण्याएवढा चुरा हवा. लगदा झाला तर तो फडक्याची छिद्रं बुजवतो आणि नीट पिळला जात नाही.

आता हा चुरा शिजवायचा. ही पायरी टाळण्याचा मोह होतो, पण टाळू नका. कच्च्या फ्लॉवरच्या पेशी पाणी धरून ठेवतात. उष्णतेने त्या सैल पडतात आणि पाणी सुटं होतं. कच्चा चुरा कितीही जोर लावून पिळला तरी उरलेलं पाणी ओव्हनमध्ये बाहेर येतं आणि बेस भाजण्याऐवजी वाफवला जातो. मायक्रोवेव्हमध्ये पाणी न घालता ५-६ मिनिटं, किंवा पसरट कढईत मध्यम आचेवर, झाकण न ठेवता ८-१० मिनिटं परता. पाण्यात उकडू नका. फार वेळ शिजवलं तर गंधकयुक्त उग्र वास सुटतो आणि तो पिझ्झ्यातही राहतो, म्हणून चुरा मऊ झाला की थांबा.

ताटात पसरून १५ मिनिटं निववा. पातळ सुती फडक्यात दोन वेळा, अर्धा-अर्धा घ्या, पोटली बांधून पीळ देत जा. पाणी थांबलं असं वाटलं की पोटली सोडा, चुरा हलवून मोकळा करा आणि पुन्हा पिळा. दुसऱ्या खेपेला निघणारं पाणी पाहून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. इथे वजनकाटा वापराच : ६०० ग्रॅम तुऱ्यांचा पिळलेला चुरा २५० ते २८० ग्रॅम भरला पाहिजे. ३०० च्या वर असेल तर अजून पिळा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण तळहात ओला होऊ नये.

तोवर ओव्हन २२० अंशांवर २० मिनिटं तापवा, ट्रे आतच ठेवून. थंड ट्रेवर बेस ठेवला तर खालची बाजू उशिरा भाजते आणि ओली राहते.

चुऱ्यात अंडं, चीज, बदामाचं पीठ, इसबगोल, मिरपूड आणि ओरेगॅनो घालून कालवा. मीठ सगळ्यात शेवटी घाला आणि लगेच थापायला घ्या. मीठ लागलं की भाजी उरलंसुरलं पाणीही सोडू लागते. चुरा कोमट असतानाच अंडं घालण्याची घाई करू नका.

बेकिंग पेपरवर मिश्रण घेऊन ओल्या हाताने थापा. मेणाचा कागद अजिबात नको, मेण वितळून बेसला चिकटतं. जाडी ७-८ मिमी, सगळीकडे सारखी. मधे जाड आणि कडेला पातळ अशी सवयीने थापली जाते, मग कड करपते आणि मधला भाग कच्चा राहतो. उलट करा : कड बोटांनी आत दाबून किंचित जाड ठेवा. पेपरच्या खोक्यावर कमाल तापमान छापलेलं असतं, त्याच्या वर ओव्हन नेऊ नका.

पेपरसकट गरम ट्रेवर सरकवा. १५ ते १८ मिनिटांत वरून सोनेरी आणि कडेला तपकिरी रंग येतो. फिकट असताना बाहेर काढण्याची चूक सगळ्यात जास्त होते, कारण वरून कोरडा दिसला तरी आत दमटपणा असतो. मग वर दुसरा पेपर ठेवा, त्यावर उलटी ताटली, आणि बेस पालथा करा. जुना पेपर हलकेच सोलून काढा. दुसरी बाजू ५-७ मिनिटं. नंतर जाळीवर ५ मिनिटं ठेवा, म्हणजे खालची वाफ निघून जाईल. ताटात ठेवला तर तीच वाफ परत बेसमध्ये मुरते.

ओव्हन नसेल तर याच मिश्रणाचे दोन लहान बेस करून नॉनस्टिक तव्यावर मंद आचेवर, झाकण न ठेवता, प्रत्येक बाजू ८-१० मिनिटं भाजा. ओव्हनइतका कुरकुरीतपणा येत नाही, पण बेस धरून राहतो.

सॉसलाही पाण्याचाच नियम. टोमॅटो प्युरी, ठेचलेला लसूण आणि थोडं ऑलिव्ह तेल १०-१२ मिनिटं आटवा. चमच्यावरून ओघळ न येता गोळा पडला पाहिजे. त्यातले तीन मोठे चमचे पुरतात. बाटलीतला केचप वापरू नका, त्यात साखर भरपूर असते. मशरूम, कांदा, सिमला मिरची आधी कोरडी परतून घ्या. मशरूम तर फ्लॉवरइतकंच पाणीदार आहे. टोमॅटोच्या चकत्या हव्याच असतील तर बियांचा गर काढून टाका. वर ८० ग्रॅम चीज, आणि पुन्हा २२० अंशांवर ८-१० मिनिटं. कापण्यापूर्वी ३-४ मिनिटं थांबा, वितळलेलं चीज जरा आळलं की तुकडे फाटत नाहीत.

अंडं नको असेल तर १ मोठा चमचा जवसाची पूड ३ मोठे चमचे पाण्यात १० मिनिटं भिजवून घाला, इसबगोल २ छोटे चमचे आणि चीज ८० ग्रॅम करा. हा बेस जरा नाजूक होतो, म्हणून दोन लहानच थापा. इसबगोल याहून वाढवलं तर चिकट, रबरासारखा पोत येतो. काही ब्रँडच्या इसबगोलाने भाजल्यावर जांभळट छटा येते. ती निरुपद्रवी आहे.

कर्बोदकांचा हिशोब असा. १०० ग्रॅम कच्च्या फ्लॉवरमध्ये सुमारे ५ ग्रॅम कर्बोदकं, त्यातले २ ग्रॅम तंतू. बदामाचं पीठ धरून अख्ख्या बेसचे, तंतू वजा जाता, २० ग्रॅमच्या आसपास होतात. सॉस, भाज्या, चीज मिळून पूर्ण पिझ्झा ३५ च्या जवळ. तेवढ्याच आकाराच्या १५० ग्रॅम मैद्याच्या नुसत्या बेसमध्ये ११० ग्रॅमच्या आसपास असतात. चीजमुळे उष्मांक आणि मीठ मात्र कमी होत नाही, हे लक्षात ठेवा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील आणि रोजची कर्बोदकं एकदम कमी करणार असाल, तर आधी डॉक्टरांशी बोला. डोस तोच राहिला तर साखर धोकादायक उतरू शकते.

भाजीचा बेस म्हणजे लो-कार्ब असं नाही. रताळ्यात १०० ग्रॅमला २० ग्रॅम कर्बोदकं असतात, बीटात सुमारे १०. तयार मिळणाऱ्या फ्लॉवर बेसमध्ये बऱ्याचदा तांदळाचं पीठ किंवा स्टार्च असतो, तेव्हा घटकांची यादी वाचूनच घ्या. ब्रोकोली याच कृतीने होते. झुकिनीत पाणी अजून जास्त, ९५ टक्क्यांच्या आसपास. तिला शिजवायचं नाही. ५०० ग्रॅम किसाला १ छोटा चमचा मीठ चोळा, अर्धा तास चाळणीत ठेवा, पिळा, आणि मिश्रणात वेगळं मीठ घालू नका. फ्रोझन फ्लॉवरचा चुरा असेल तर शिजवण्याची पायरी गाळा : गोठताना बर्फाने पेशी आधीच फुटलेल्या असतात. पूर्ण वितळू द्या आणि सरळ पिळा.

दोन्ही बाजूंनी भाजलेला बेस, टॉपिंग न घालता, फ्रीजमध्ये ३ दिवस टिकतो. जास्त करून ठेवायचे असतील तर पूर्ण गार करून, मधे पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेवा. वापरताना बाहेर काढून वितळू देऊ नका, ओला पडतो. गोठलेलाच २२० अंशांवर ८ मिनिटं तापवा आणि मग सॉस लावा.