ट्रॅकचे लॉगिन चालत नसेल, तर दोष नेमका कुठे शोधावा

प्रकल्पातील कामे, तक्रारी आणि त्यांची प्रगती नोंदवण्यासाठी ट्रॅक हे मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवणाऱ्यांची एक अडचण जवळजवळ ठरलेली असते: मुखपृष्ठ व्यवस्थित उघडते, पण 'लॉगिन' दाबले की गाडी अडते. अशा वेळी बहुतेक जण ट्रॅकची सेटिंग पुन्हा पुन्हा चाळतात, आणि तिथेच वेळ वाया जातो. मूळ ट्रॅक पासवर्ड तपासतच नाही. सोसायटीच्या फाटकावरचा रखवालदार ओळखपत्र पाहून नाव वर कळवतो, तसा वेब सर्व्हर पासवर्ड तपासतो आणि 'रिमोट यूजर' या चलातून (व्हेरिएबलमधून) फक्त वापरकर्त्याचे नाव ट्रॅककडे पाठवतो. त्या नावाला काय करण्याची मुभा आहे, एवढेच ट्रॅक ठरवतो. म्हणून दोष फाटकावर आहे, निरोपात आहे की वरच्या मजल्यावर, हे आधी ठरवावे आणि मगच कुठल्याही फाइलला हात लावावा.

पुढील विवेचन लिनक्सवरील अपाची हा वेब सर्व्हर आणि त्यातून पायथन भाषेतले प्रोग्रॅम (ट्रॅक त्यांपैकीच एक) चालवणारा मॉड-डब्ल्यूएसजीआय हा जोडभाग, या जोडणीला धरून आहे. आज्ञांची व सेटिंगची नावे येथे नागरीत दिली असली, तरी प्रत्यक्षात ती रोमन लिपीतच टंकावी लागतात.

पहिली पायरी: अपाची बाजूला ठेवावा

ट्रॅकबरोबर 'ट्रॅकडी' नावाचा छोटा स्वतंत्र सर्व्हर येतो. पोर्ट ८००० देऊन आणि प्रकल्पाच्या फोल्डरचा मार्ग देऊन तो सुरू करावा व त्याच यंत्रावरून पान उघडून पाहावे. पान दिसले, तर ट्रॅक, पायथन आणि डेटाबेस हे तिन्ही धड आहेत आणि दोष अपाचीच्या बाजूला आहे. मात्र एक खबरदारी अवश्य घ्यावी. ही चाचणी स्वतःच्या खात्यातून न करता, 'सुडो' (दुसऱ्या खात्याच्या नावाने आज्ञा चालवण्याचे साधन) वापरून, अपाची ज्या खात्याने चालतो त्या खात्याने करावी. डेबियन व उबंटूवर ते 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' असते. स्वतःच्या खात्यातून सगळे चालते आणि अपाचीतून काहीच चालत नाही, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा फाइलींच्या मालकीतच दडलेले असते.

ट्रॅकचा डेटाबेस मुळात एसक्यूलाइटचा, म्हणजे एकाच फाइलीत मावणारा, असतो आणि प्रकल्पाच्या 'डीबी' फोल्डरात राहतो. एसक्यूलाइट लिहिताना त्याच फोल्डरात तात्पुरती फाइल तयार करतो, त्यामुळे नुसत्या डेटाबेसच्या फाइलला लिहिण्याची परवानगी देऊन भागत नाही. ती फोल्डरलाही द्यावी लागते. ही चूक असेल, तर ट्रॅक ते संदेशात स्पष्ट सांगतो, फक्त तो संदेश शेवटपर्यंत वाचायला हवा. 'प्रकल्प अद्ययावत करा' असे म्हटले असेल, तर आधी प्रकल्पाची प्रत काढून ठेवावी आणि मग ट्रॅकच्या 'ट्रॅक-ॲडमिन' या देखभालीच्या साधनाची 'अपग्रेड' आज्ञा चालवावी.

दुसरी पायरी: अपाचीतून पान उघडत नसेल तर

'अपाची-सीटीएल'ची 'कॉन्फिगटेस्ट' आज्ञा देऊन अपाचीच्या मांडणीत (सेटिंगच्या फाइलींत) टंकनदोष नाही याची खात्री करावी. त्यानंतर ब्राउझरमधील क्रमांकाकडे पाहावे. ४०३ आल्यास मार्गाला प्रवेशच दिलेला नाही असे समजावे. जुन्या मार्गदर्शिकांतून उचललेल्या 'ऑर्डर' आणि 'अलाउ' या ओळी याचे नेहमीचे कारण असतात. २०१२ मध्ये आलेल्या अपाची २.४ पासून त्यांच्या जागी 'रिक्वायर ऑल ग्रँटेड' ही ओळ लिहायची असते. ५०० आल्यास अपाचीच्या एरर लॉगचे (चुकांच्या नोंदवहीचे) शेवटचे वीसेक ओळींचे शेपूट वाचावे. 'ट्रॅक नावाचे मॉड्यूल सापडत नाही' असे तिथे दिसले, तर मॉड-डब्ल्यूएसजीआय एका पायथनसाठी तयार झालेले आणि ट्रॅक दुसऱ्याच पायथनमध्ये बसवलेले, असा घोळ असतो. ट्रॅकची १.४ मालिका पायथन २.७ वर चालते, तर २०२३ मध्ये आलेली १.६ पायथन ३ वर. त्यामुळे जुनी प्रणाली नव्या यंत्रावर हलवताना ही गाठ हमखास पडते.

तिसरी पायरी: लॉगिन

येथे घाई न करता, लॉगिन दाबल्यावर डोळ्यांसमोर नेमके काय घडते ते पाहावे, कारण प्रत्येक लक्षणाचे कारण वेगळे आहे.

पासवर्डची चौकट येतच नाही आणि 'ऑथेंटिकेशन इन्फर्मेशन नॉट अव्हेलेबल' असा संदेश दिसतो, तेव्हा रखवालदार फाटकावर उभाच नाही असे समजावे. अपाचीच्या मांडणीत लॉगिनच्या मार्गासाठी 'लोकेशन' हा विभाग असतो आणि त्यात 'ऑथटाइप बेसिक', पासवर्ड फाइलचा मार्ग व 'रिक्वायर व्हॅलिड-यूजर' या ओळी असतात. ट्रॅक संकेतस्थळाच्या मुळाशी न ठेवता 'ट्रॅक' या उपमार्गावर बसवला असेल, तर या विभागातही तो उपमार्ग धरून 'लॉगिन'पर्यंतचा पूर्ण मार्ग लिहावा लागतो. मांडणी दुसरीकडून जशीच्या तशी उतरवली की नेमका हा अर्धा शब्द राहून जातो.

चौकट येते, पण पासवर्ड दिला तरी पुन्हा पुन्हा येत राहते, तेव्हा एरर लॉग पाहावा. एएच०१६१८ म्हणजे त्या नावाचा वापरकर्ता फाइलीत नाही, आणि एएच०१६१७ म्हणजे नाव आहे पण पासवर्ड जुळत नाही. अपाचीला ती फाइल वाचताच येत नसेल, तर मात्र चौकट परत न येता थेट ५०० मिळतो.

पासवर्ड फाइल 'एचटीपासडब्ल्यूडी' या साधनाने तयार होते आणि पहिल्या वेळी त्याला 'सी' हा पर्याय द्यावा लागतो. या एका अक्षराने मला चांगलाच धडा दिला आहे. अकरा जणांची फाइल नीट चालू असताना बाराव्याचे नाव घालायला मी जुनीच आज्ञा वर-बाणाने परत आणली, तिच्यातील 'सी' तसाच राहिला, आणि फाइल नव्याने तयार होऊन तिच्यात एकटा बारावा उरला. उरलेल्या अकरा जणांचे फोन येईपर्यंत मी ट्रॅकमध्येच दोष शोधत होतो. तेव्हा दुसऱ्या नावापासून 'सी' वगळावा.

पासवर्ड स्वीकारला जातो, पण पान परत आल्यावर माणूस पुन्हा अनामिकच दिसतो, असेही घडते. लॉगिननंतर ट्रॅक ब्राउझरला कुकी (ओळखीची छोटी चिठ्ठी) देतो आणि पुढे तिच्यावरूनच ओळख पटवतो. 'ट्रॅक.आयएनआय' या ट्रॅकच्या सेटिंगच्या फाइलीत 'सिक्युअर कुकीज' चालू ठेवून संकेतस्थळ साध्या एचटीटीपीवर उघडले, तर ब्राउझर ती कुकी परत पाठवत नाही. याचा उपाय ती सेटिंग बंद करणे नसून एचटीटीपीएस सुरू करणे हा आहे, कारण बेसिक पद्धतीत पासवर्ड केवळ बेस-६४ या कोणालाही उलटवता येणाऱ्या लेखनपद्धतीत बदलून जातो, आणि ते काही गुपित नव्हे.

याउलट लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केल्यावर पासवर्ड न विचारताच आत जाता येणे हा दोष नाही. ब्राउझरने पासवर्ड लक्षात ठेवलेला असतो. म्हणून प्रत्येक चाचणी खाजगी खिडकीत करावी. नाहीतर दुरुस्त झालेले आणि न झालेले यांतला फरकच कळत नाही.

आत गेल्यावर 'ॲडमिन'चा दुवा दिसत नसेल, तर फाटकापर्यंतचे सगळे ठीक आहे. 'ट्रॅक-ॲडमिन'च्या 'परमिशन ॲड' आज्ञेने त्या नावाला 'ट्रॅक_ॲडमिन' हा अधिकार द्यावा. नाव पासवर्ड फाइलीतल्याप्रमाणेच, लहान-मोठी अक्षरे सांभाळून लिहावे.

पानावरच नाव-पासवर्डाचा तक्ता हवा म्हणून अकाउंट मॅनेजर हे प्लगिन बसवले असेल, तर ट्रॅकचे मूळ 'लॉगिनमॉड्यूल' बंद करावे आणि अपाचीतील लॉगिनचा 'लोकेशन' विभागही काढून टाकावा. दोघे एकाच वेळी पहारा देऊ लागले, तर कोण कोणाला अडवतो हे समजणे कठीण होते.

एवढे करूनही उलगडा होत नसेल, तर 'ट्रॅक.आयएनआय'च्या 'लॉगिंग' विभागात प्रकार 'फाइल' आणि पातळी 'डीबग' ठेवावी, अपाची पुन्हा सुरू करावा, एकदाच लॉगिनचा प्रयत्न करावा आणि लगेच प्रकल्पाच्या 'लॉग' फोल्डरातील नोंदी वाचाव्यात. दोष सापडला की पातळी पूर्ववत करावी, कारण ही फाइल डिस्क भरेपर्यंत निमूटपणे वाढत राहते.