टाळेबंदी आणि लसीविषयीची मते पेठेत कशी नोंदवावीत

कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत घरोघरी जाऊन कोविडकाळातील मतांची ही नोंद करायची असेल, तर ‘लस चांगली की वाईट?’ असे कधीही विचारू नये, कारण त्याचे उत्तर लोक विचारणाऱ्याचा चेहरा पाहून देतात. आधी तारखांचा आधार द्यावा: 25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी लागली, 16 जानेवारी 2021 रोजी लसीकरण सुरू झाले, 1 मार्चपासून साठीपुढील नागरिकांची पाळी आली. त्या दिवसांत आपण काय करत होतात, हे विचारावे.

निर्बंध आणि लस यांविषयीची मते वेगवेगळी लिहावीत; महाद्वार रोडवरचा जो दुकानदार बंद शटरबद्दल आजही चिडून बोलतो, तोच लसीच्या रांगेत पहाटेपासून उभा राहिलेला असू शकतो, आणि यात विसंगती मुळीच नाही.

दुसऱ्या डोसला झालेला उशीर म्हणजे नकार, असे गृहीत धरू नये. मे 2021 मध्ये कोविशील्डच्या दोन डोसांतील अंतर 12 ते 16 आठवडे करण्यात आले आणि तेव्हा लसीचा तुटवडाही होता. माझ्या शेजारच्या आजींनी प्रमाणपत्र रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीत घडी घालून जपले आहे, ते हातात घेतल्यावरच त्या मोकळेपणाने म्हणाल्या, “ताप आला असता तर म्हशीची धार कुणी काढली असती?” असे उत्तर जसेच्या तसे उतरवावे, त्याला ‘अंधश्रद्धा’ हे लेबल लावू नये.

ज्या घरात माणूस दगावला आहे, तिथे वही मिटून आधी ऐकावे. नाव लिहायचे की नाही, हे त्या घरानेच ठरवावे.