नवा सबवूफर: आधी जागा, मग गुंड्या

सबवूफर (थोडक्यात सब, फक्त बेस म्हणजे खालचा आवाज वाजवणारी स्पीकरची पेटी) घरात आला की हात आधी मागच्या व्हॉल्यूमच्या गुंडीकडे जातो. पेटी कुठे बसणार हे मात्र सोफा, टीव्हीचं युनिट आणि जवळचा प्लग पॉइंट ठरवून टाकतात. क्रम नेमका उलटा हवा. ८० हर्ट्झच्या (सेकंदाला ८० कंपनांच्या) खाली काय ऐकू येईल हे पेटीच्या किमतीपेक्षा खोलीची मापं आणि पेटीची जागाच जास्त ठरवतात. जागा चुकली तर कुठलीच गुंडी ती चूक भरून काढत नाही.

खोलीचा हिशेब

टेप घ्या आणि लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजा. ५६५ या आकड्याला प्रत्येक मापाने भागा. १५ बाय ११ फुटांचा आणि साडेनऊ फूट उंचीचा हॉल असेल, तर उत्तरं येतात सुमारे ३८, ५१ आणि ५९ हर्ट्झ. ३८ ची दुप्पट, म्हणजे सुमारे ७५, तीही लिहून ठेवा. हे त्या हॉलचे घुमण्याचे सूर. बेसची ओळ यांतल्या एखाद्या सुरावर आली की काही ठिकाणी ती अंगावर येते आणि काही ठिकाणी गायब होते.

विटांच्या भिंती आणि आरसीसीचा स्लॅब खालचा आवाज जवळजवळ जसाच्या तसा परत फेकतात. अमेरिकेतल्या घरांत लाकडी सांगाड्यावर जिप्सम बोर्ड असतो. तो थोडा बेस शोषतो, थोडा बाहेर जाऊ देतो. त्यामुळे तिकडच्या व्हिडिओंत ‘कोपऱ्यात ठेवा आणि विसरा’ असा सल्ला दिसला, तरी आपल्या फ्लॅटमध्ये तो डोळे झाकून पाळू नका. कोपऱ्यात पेटी खोलीचे सगळे सूर एकदम उठवते. आवाज सर्वात मोठा मिळतो आणि घुमतोही सर्वात जास्त.

बसायची जागाही याच हिशेबात येते. मागच्या भिंतीला डोकं टेकलं असेल, तर लांबीचे सगळे सूर तिथे कमाल पातळीवर असतात. खोलीच्या बरोबर मध्यावर बसलात, तर त्या ३८ हर्ट्झचा पत्ताच लागत नाही. मागच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर, म्हणजे १५ फुटांत पावणेसहा फुटांवर, बसणं ही चांगली सुरुवात. हॉलच्या मधोमध सोफा कोणी ठेवू देत नाही हे खरं, पण भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढला तरी फरक स्पष्ट जाणवतो.

जोडणी

अमेरिकेतून कोणी आणलेला सबवूफर असेल, तर प्लग लावण्याआधी मागच्या पट्टीवरचा व्होल्टेज वाचा. ११५/२३० चा स्विच असेल तर तो २३० वर करा. फक्त ११५ लिहिलं असेल तर पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. नुसता पिन बदलणारा ॲडॉप्टर लावला, तर आतला पॉवर सप्लाय जळेल.

एव्ही रिसिव्हर (होम थिएटरचे सगळे स्पीकर चालवणारा ॲम्प) असेल तर त्याच्या ‘सब आउट’मधून एकच आरसीए केबल सबच्या ‘एलएफई’ (चित्रपटांतला बेसचा वेगळा ट्रॅक) इनपुटला जाते. पाच मीटरची घ्या, जागा शोधताना लांबी कामाला येते. साध्या स्टिरिओ ॲम्पला सब आउट नसेल, तर सबच्या हाय-लेव्हल (स्पीकरच्या तारा घेणाऱ्या) इनपुटला ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवरूनच तारा न्या. मात्र क्लास-डी किंवा ब्रिज्ड ॲम्पमध्ये काळं टर्मिनल म्हणजे ग्राउंड असेलच असं नाही. दोन्ही उपकरणांची माहितीपुस्तिका पाहिल्याशिवाय ती तार जोडू नका. आणि आरसीए काढ-घाल करताना सब बंद ठेवा. चालू असताना केबल ओढली की जो धडाका होतो, तो कोनला, म्हणजे सबच्या हलणाऱ्या पडद्याला, सोसेलच असं नाही.

व्हिट्रिफाइड टाइल्सवर अणकुचीदार स्पाइक लावू नका, टाइल तडकते. रबरी पाय पुरेत. मागे पोर्ट (हवा आत-बाहेर जायचं भोक) असेल तर भिंतीपासून किमान १०–१५ सेंटीमीटर अंतर सोडा.

पेटीची जागा: रांगायला लागेल

हे काम विचित्र दिसतं, पण याला पर्याय नाही. सबवूफर उचलून तुमच्या बसायच्या जागी ठेवा, जमलं तर सोफ्याच्या उंचीवर. स्पीकर बंद, फक्त सब चालू. बेस गिटारची अशी ओळ लावा जी खालून वर एकेक सूर घेत जाते, किंवा ३० ते ८० हर्ट्झचा सावकाश चढणारा टोन. आवाज मध्यम. आता जिथे जिथे सब ठेवणं शक्य आहे, तिथे तिथे गुडघ्यावर बसून कान फरशीपासून फूट-दीड फुटावर आणा. भिंतीच्या कडेने एकेक फूट सरकत ऐका. आवाज पोहोचवणारी आणि ऐकणारी जागा आपापसात बदलली तरी मधला परिणाम तोच राहतो. म्हणून कान जिथे चांगलं ऐकतो, तिथे ठेवलेली पेटी सोफ्यावर चांगली ऐकू येते.

सर्वात मोठा आवाज असलेली जागा नको. सगळे सूर सारख्या वजनाने येतात ती जागा हवी. एखादा सूर फुगतो किंवा बुडतो, ती जागा बाद. चांगल्या दोन-तीन ठिकाणी मास्किंग टेपची फुली मारा, मग सब खरोखर तिथे ठेवून सोफ्यावरून ऐका. बहुतेक वेळा समोरच्या भिंतीवर, कोपऱ्यापासून भिंतीच्या पाव ते तिसऱ्या भागावर काहीतरी हाती लागतं. पेटी भिंतीच्या जवळच राहू द्या. कोन भिंतीपासून एक मीटर पुढे असेल, तर भिंतीवरून परतणारा आवाज ८६ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला खातो. तेच अंतर ३० सेंटीमीटर असेल तर हा खड्डा २८६ हर्ट्झवर जातो, जिथे सब वाजतच नाही.

रिसिव्हरमधल्या सेटिंग्ज

सबवरची लो-पासची (ठरावीक हर्ट्झच्या वरचा आवाज अडवणाऱ्या गाळणीची) गुंडी पूर्ण वर, किंवा ‘बायपास’वर. हे काम रिसिव्हर करणार आहे. दोन्हीकडे गाळणी लागली की ८० च्या आसपास भोक पडतं. स्पीकर ‘स्मॉल’ करा, फ्लोअरस्टँडर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे टॉवर, असले तरी. नावावर जाऊ नका, त्याचा अर्थ एवढाच की खालचा भाग सबकडे पाठवायचा. पाच-साडेपाच इंची वूफरच्या बुकशेल्फला ८० ते १००, मोठ्या टॉवरला ६० ते ८० हर्ट्झ क्रॉसओव्हर (स्पीकर आणि सबमधली वाटणीची रेषा). एलएफईचं लो-पास १२० वर. ‘एलएफई प्लस मेन’ बंदच ठेवा. त्यात तोच बेस दोन ठिकाणांहून येतो आणि एकमेकांत गुंततो.

सबची व्हॉल्यूम गुंडी मध्यावर ठेवून रिसिव्हरचं ऑटो कॅलिब्रेशन (माइकने खोली मोजून आपोआप जुळवणी) चालवा. त्यानंतर सबची लेव्हल उणे १२ सारखी टोकाची दाखवत असेल, तर सबचा आवाज कमी करून पुन्हा चालवा. रिसिव्हर सबचं अंतर टेपच्या मापापेक्षा जास्त सांगतो, याने गोंधळू नका. सबच्या आतल्या प्रक्रियेला लागणारा वेळ तो अंतरात धरतो. तो आकडा ‘दुरुस्त’ केला की जुळलेला मेळ बिघडतो.

फेज, म्हणजे सब आणि स्पीकरच्या लाटांचा मेळ, शेवटी. आधी दोन्ही स्पीकरच्या लाल तारा लालमध्येच आहेत ना ते बघा. मग क्रॉसओव्हरचाच टोन, म्हणजे ८० हर्ट्झ, स्पीकर आणि सब दोन्हींवर लावा. तुम्ही जागेवर बसा आणि घरातल्या कोणालातरी ० आणि १८० मध्ये स्विच फिरवायला सांगा. आवाज मोठा होईल ती बाजू बरोबर. फिरणारी गुंडी असेल तर सर्वात मोठा आवाज येतो तिथे थांबा.

मोजणं आणि कापणं

कानाने इथपर्यंत येता येतं. पुढे जायचं तर रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर आणि यूमिक-१ सारखा यूएसबी मायक्रोफोन घ्या. प्रत्येक माइकच्या अनुक्रमांकाची कॅलिब्रेशन फाइल मिळते, ती आधी सॉफ्टवेअरमध्ये भरा. फोनच्या माइकवर ४०–५० हर्ट्झखाली भिस्त ठेवू नका. माइक स्टँडवर, कानाच्या उंचीवर. आवाज सुमारे ७५ डेसिबल, स्वीप (खालून वर चढणारा चाचणीचा टोन) १५ ते २०० हर्ट्झ.

आलेख डोंगराळ दिसेल, घाबरू नका. उंचवटे कापायचे, खड्डे भरायचे नाहीत. समजा ५१ वर ९ डेसिबलचा सुळका आहे. तिथे ईक्यूने (ठरावीक सुराची पातळी कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) ६–७ डेसिबल उतरवले की पातळी तर खाली येतेच, शिवाय सूर रेंगाळायचाही कमी होतो. खड्ड्याचं गणित वेगळं. तिथे दोन लाटा एकमेकींना मारत असतात, जास्त आवाज ओतला तर तोही मरतो. आणि दर ३ डेसिबलला दुप्पट ताकद लागते, म्हणजे ९ डेसिबल भरायला आठपट. ॲम्प गुदमरतो, कोन ठोकर खातो, खड्डा तिथेच राहतो. खड्ड्याचा इलाज एकच: सब किंवा सोफा हलवणं. पोर्टवाल्या सबला पोर्टच्या ट्यूनिंगखाली (पोर्ट ज्या सुरासाठी बांधलेला असतो त्याच्या खाली) तर मुळीच वर उचलू नका, तिथे हवा कोनला आवरत नाही.

सगळं सपाट केलेला आलेख ऐकायला कोरडा लागतो. १०० हर्ट्झखाली हळूहळू ३ ते ६ डेसिबल चढ ठेवला तर बहुतेकांना बरं वाटतं.

कानाची शेवटची परीक्षा तबल्याची घ्या. डग्ग्यावर तळहाताच्या दाबाने निघणारा घिस्सा बेसमध्ये सलग वर सरकतो. तो सरकताना मध्येच एका जागी फुगला आणि पुढे पडला, तर खोलीचा सूर अजून शिल्लक आहे. काळी एकचा पुरुषी तंबोराही लावून बघा. खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर, क्रॉसओव्हरच्या जरा खाली असते. ती स्पीकरपासून सुटून सबच्या कोपऱ्यातून येतेय असं वाटलं, तर सबचा आवाज दोन डेसिबल उतरवा किंवा फेज पुन्हा तपासा.

खडखड आणि घूं

खडखड हा सबचा दोष क्वचितच असतो. ३० ते ८० हर्ट्झचा टोन अगदी सावकाश चढवा आणि खोलीभर हात लावत फिरा: सरकत्या खिडकीचं ॲल्युमिनियम, शोकेसची काच, पीओपीतले दिवे, कपाटाची सैल बिजागरी. ज्या तावदानावर बोट ठेवताच आवाज थांबतो, ते सापडलं. खिडकीच्या खाचेत नवी फेल्ट पट्टी, काचेखाली सिलिकॉनचा ठिपका, काम झालं.

सतत घूं येत असेल तर सब बंद करून आरसीए काढा आणि पुन्हा चालू करून बघा. थांबलं, तर ग्राउंड लूप (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह) आहे. सब आणि रिसिव्हर एकाच बोर्डावर लावा. तरी राहिलं तर सेट-टॉप बॉक्सची डिश किंवा केबलची वायर काढा. बहुतेकदा चोर तिथेच असतो, आणि त्या वायरवर आयसोलेटर लावून भागतं. अर्थिंगची पिन मात्र कापायची नाही.

खालच्या मजल्यावर हादरे जात असतील तर सबखाली आयसोलेशन पॅड घाला. फरशीत उतरणारा हादरा त्याने कमी होतो, पण हवेतून जाणारा बेस नाही. रात्री दहानंतर त्याला आवाज उतरवणं हाच उपाय.

एवढं करूनही सोफ्याच्या एका टोकाला बेस भरपूर आणि दुसऱ्या टोकाला नाही, असं राहत असेल, तर मोठा सब घेण्याऐवजी तसाच दुसरा घ्या. ऑडिओ कंपनी हार्मनच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या कामात समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सब फार चांगले ठरले होते. त्या दिशेचे विषम सूर अशा मांडणीत उठतच नाहीत. दोन्ही एकाच मॉडेलचे असावेत. आधी एकेकाची पातळी वेगवेगळी मोजून सारखी करा, मग दोन्ही एकत्र लावून ईक्यू करा.