लेकरू घेऊन आलेल्या गिऱ्हाइकासाठी हॉटेल कसे मांडावे

लहान लेकरांना हॉटेलात येऊ द्यावे की नाही, हा वाद मोठ्या शहरांतल्या महागड्या रेस्टॉरंटांत रंगत असेल. सोलापूर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावर, तुळजापूर, धाराशिव, येरमाळा, बीड या टापूत जेवणाचे हॉटेल चालवणाऱ्याला तो परवडत नाही. जावळ काढण्यासाठी तुळजाभवानीला किंवा येडेश्वरीला निघालेले कुटुंब दोन गाड्या भरून दारात उतरते, तेव्हा त्यात एक आजी, चार बाया आणि तीन-चार लेकरे असतातच, आणि त्या साऱ्या खटाटोपाचे कारणच मुळी वर्षभराचे एक बाळ असते. त्या बाळाला दारात अडवले, तर पंधरा ताटे परत जातात. तेव्हा लेकरे येणार हे धरून चालावे आणि त्यांची सोय वेटरच्या त्या वेळच्या मेहेरबानीवर न सोडता आधीच ठरवून ठेवावी. मी बारा वर्षे अशाच एका रस्त्याकडेच्या भोजनालयाचा गल्ला सांभाळला आहे. पुढे लिहिलेले बरेचसे आमच्याच चुकांनी शिकवलेले आहे.

अपवाद एकच आहे, तो परमिट रूमचा. महाराष्ट्रात बिअरसाठी 21 आणि कडक मद्यासाठी 25 वर्षे ही वयाची अट आहे, आणि जिथे त्या अटीखालच्या माणसाला पेला देता येत नाही तिथे मांडीवरच्या बाळाला बसवण्याचा आग्रह कोणी धरला, तरी नम्रपणे नकार द्यावा. आपल्याकडे पुष्कळ हॉटेलांत ‘फॅमिली रूम’ अशी पाटी असते आणि प्रत्यक्षात परमिट रूम व तिच्यामध्ये एक मळकट पडदा असतो. पडद्याने आवाज अडत नाही, वास अडत नाही आणि धूरही अडत नाही. दोन्ही भागांना वेगळी दारे करता येत असतील तर करावीत. ते जमत नसेल, तर बाहेरच्या पाटीवरचा ‘फॅमिली’ हा शब्द पुसून टाकणे अधिक प्रामाणिक ठरेल. धूम्रपानाच्या बाबतीत तर 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक जागी बंदीच आहे, त्यामुळे गल्ल्यावर बसून विडी ओढणाऱ्या मालकाने आधी स्वतःपासून सुरुवात करावी.

आता जागा. हॉटेल रिकामे असताना एकदा गुडघ्यांवर बसून सगळीकडे फिरून पाहावे. हे करताना मालकाला लाज वाटते, परंतु दोन फूट उंचीवरून जे दिसते ते उभ्या माणसाला कधीच दिसत नाही. कूलरच्या पत्र्याला लेकराचा हात नेमका पोहोचतो. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा प्रत्येक कूलर दिवसभर चालू असतो, खाली पाणी सांडलेले असते आणि अर्थिंग आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नसते. उन्हाळ्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, मुख्य बोर्डावर गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बसवावा आणि कूलर शक्यतो खिडकीबाहेर जाळीआड ठेवावा. दुसरी जागा म्हणजे मागचा हौद. टँकरचे पाणी उतरवले की झाकण बाजूला पडून राहते आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. त्या झाकणाला कडी-कुलूप असावे आणि किल्ली एकाच माणसाकडे असावी. तिसरी जागा दाराबाहेर आहे. जेवून झालेले लेकरू सर्वांत आधी बाहेर पळते आणि पुढे महामार्ग असतो, म्हणून पार्किंग आणि ओटा यांच्यामध्ये कमरेएवढे कठडे आणि एक छोटे फाटक हा खर्च मी कोणत्याही रंगकामाच्या आधी धरीन.

लेकरे असलेल्या कुटुंबाला भटारखान्याच्या दारापासून, तंदूरपासून आणि बेसिनजवळच्या ओल्या फरशीपासून दूर, भिंतीलगत बसवावे, म्हणजे निदान एका बाजूने तरी लेकराला पळता येत नाही. बेबी चेअर घ्यायची असेल, तर पट्टा असलेली आणि रुंद पायांची घ्यावी, आणि आधाराशिवाय बसता येणाऱ्या बाळालाच तीत बसवावे. टेबलाला पाय लावून मागे रेटण्याची लेकरांची सवय पाहता हलकी प्लास्टिकची खुर्ची धोक्याचीच असते. माझे स्वतःचे मत असे, की चार बेबी चेअरपेक्षा कोपऱ्यातली एक भारतीय बैठक अधिक उपयोगी पडते. खाली गादी, समोर बुटके टेबल, पाठीशी लोड. आजीला पाय पसरता येतात, बाळ पडले तरी गादीवरच पडते आणि झोप आली तर तिथेच झोपते.

गरम पदार्थ कुठे ठेवावा, हे वेटरला शब्दांत सांगून भागत नाही, करून दाखवावे लागते. आमच्याकडे एकदा येसर आमटीची वाटी एका वेटरने सवयीने ताटाच्या कडेला, नेमकी मांडीवरच्या बाळासमोर ठेवली, आणि पुढचे व्हायचे ते झाले. त्या वेळी एक जण टूथपेस्ट घेऊन धावला, दुसरा हळद घेऊन, आणि नळाचे पाणी मात्र कोणालाच आठवले नाही. भाजलेल्या जागी वीस मिनिटे नळाचे साधे वाहते पाणी सोडावे, बर्फ लावू नये, टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नये आणि मग दवाखान्यात न्यावे. तेव्हापासून आमचा नियम ठरला: आमटी, रस्सा आणि चहा टेबलाच्या मधोमध, आणि वाढणारा माणूस नेहमी मोठ्यांच्या बाजूने. चहा ओतून दहा-पंधरा मिनिटे झाली तरी तो बाळाच्या कातडीला भाजू शकतो, हे मोठ्यांच्या लक्षात येत नाही. ज्या टेबलावर लेकरू आहे तिथे लोंबणारे प्लास्टिकचे कापडही नसावे.

जेवणाचा विषय मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण आपले ताट म्हणजे काळा मसाला, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि तर्री; लेकराला त्यातले काय द्यायचे, हा प्रश्न आईला रोज पडतो. खरे तर त्याच भटारखान्यात लेकराचे सर्व जेवण तयार असते, फक्त ते फोडणीच्या आधी बाजूला काढावे लागते. सकाळी तुरीचे वरण शिजले, की हळद-हिंगापुरते एक लहान पातेले आचाऱ्याने झाकून ठेवावे आणि भाताचा एक भाग पाणी वाढवून मऊ करावा. कोमट दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, दहीभात, उकडलेला बटाटा, केळे, एवढ्यावर दोन वर्षांचे लेकरू आनंदाने जेवते. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या वाटीत मीठ-साखर घालू नये आणि मध तर चाटवायलाही देऊ नये, कारण मधातून होणारी जंतुबाधा त्या वयात जिवावर बेतू शकते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच लागत नाही, पाणीसुद्धा नाही. तिथे वेटरने चमचा-वाटीचा आग्रह धरू नये.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे आणि गल्ल्यावरची गोळी-चॉकलेटे या चार गोष्टी पाच वर्षांखालच्या लेकराच्या हाती हॉटेलकडून कधीही जाऊ नयेत. बिल देताना लेकराच्या तळहातावर गोळी ठेवणे हा आपल्याकडे प्रेमाचा रिवाज आहे. त्याऐवजी केळे द्यावे. तरीही घास अडकलाच आणि लेकराला खोकता, रडता किंवा श्वास घेता येत नसेल, तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे व दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा माराव्यात. तेवढ्याने निघाले नाही तर उताणे करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या टाचेने पाच वेळा दाबावे, आणि हे आळीपाळीने चालू ठेवावे. त्याहून मोठ्या लेकराला पाठीवरच्या थापांनंतर मागून कवळ घालून बेंबीच्या वर पोट आत-वर असे पाच वेळा दाबावे. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये, त्याने घास आणखी आत जातो. त्याच वेळी दुसऱ्या माणसाने 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हे प्रत्यक्ष हात धरून शिकवून घेण्यासाठी जवळच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना विनंती करावी.

लेकरे रडतात ती बहुधा भुकेने आणि वाट पाहून. म्हणून ऑर्डर लिहिताना वेटरने पहिला प्रश्न लेकराचा विचारावा, आणि मोठ्यांची भाकरी तव्यावर पडायच्या आधी वरण-भाताची वाटी टेबलावर पोहोचावी. एवढ्या एका बदलाने आमच्याकडचा निम्मा गोंगाट थांबला. दराचेही आधीच ठरवावे. अनलिमिटेड थाळीच्या हॉटेलात ‘एका ताटात दोघांनी जेवू नये’ अशी पाटी असते आणि तिचा धाक तीन वर्षांच्या लेकराच्या आईलाही दाखवला जातो. पाच वर्षांखालचे लेकरू आईच्या ताटात जेवेल, हे त्याच पाटीवर खाली लिहावे.

अंगावर पाजणाऱ्या आईसाठी पडदा, खुर्ची आणि पंखा असलेला एक कोपरा ठेवावा, पण तिला तिथे जाण्याचा आग्रह करू नये. ती टेबलावरच पाजत असेल तर वेटरने दुसऱ्या बाजूने वाढावे, एवढेच. शौचालयाकडे बोट दाखवणे हा अपमान आहे. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सार्वजनिक जागी स्तनपानाकडे कलंक म्हणून पाहू नये, असे म्हटले आहे. बाटलीसाठी पाणी मागितले तर जारचे नव्हे, उकळून निवलेले पाणी द्यावे. लंगोट किंवा डायपर बदलायला बेसिनजवळ एक रुंद फळी आणि झाकणाची कचरापेटी पुरते.

लेकरू धावू लागले तर बोलण्यात कारण असावे, दोष नसावा: ‘ताई, लेकराला जरा जवळ घ्या, गरम ताटं चाललीत.’ शेजारच्या टेबलावरून तक्रार आली, तर जागा तक्रार करणाऱ्याला बदलून द्यावी. त्याच्याकडे एक ताट असते, आईकडे पिशव्या, बाळ आणि चार वाट्या असतात. दोनदा सांगूनही लेकरे भटारखान्याच्या वाटेत खेळत राहिली, तर मात्र मालकाने स्वतः उठून घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगावे. ते वेटरवर सोडू नये.

आणखी एक गोष्ट, जी या विषयाबाहेरची वाटेल पण नाही. ज्या हॉटेलात गिऱ्हाइकाच्या लेकरासाठी गादी टाकली जाते, तिथेच त्याच्याहून थोडा मोठा पोरगा फडके घेऊन टेबल पुसताना मी पाहिला आहे. ढाब्यावर आणि हॉटेलात चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवण्यावर 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे.

नवरात्र जवळ आले की या सगळ्याची खरी परीक्षा होते, आणि कोजागिरीला तर तुळजापूरला पायी निघालेली कुटुंबे रात्रभर रस्त्याने चालत असतात, खांद्यावर झोपलेले लेकरू घेऊन. त्या दिवसांत भटारखाना बंद करताना वरण-भाताचे लहान पातेले रिकामे करू नये. मध्यरात्रीनंतर ते ताजे करून ठेवावे, आणि रात्रपाळीच्या वेटरला त्याची जागा दाखवून ठेवावी.