कमी उंचीच्या दांपत्यासाठी बांधलेल्या ऐतिहासिक घराची दुरुस्ती कशी करावी

‘जनरल टॉम थंब’ या नावाने जगभर गाजलेले अतिशय कमी उंचीचे अमेरिकन कलाकार चार्ल्स स्ट्रॅटन आणि तशाच कमी उंचीच्या लॅव्हिनिया वॉरन यांचा विवाह १० फेब्रुवारी १८६३ रोजी न्यूयॉर्कच्या ग्रेस चर्चमध्ये झाला. पुढे त्यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील मिडलबरो या लॅव्हिनियांच्या जन्मगावी आपल्या मापाने घर बांधून घेतले. लॅव्हिनियांची उंची सुमारे ३२ इंच होती आणि त्या घरातील खिडक्यांच्या सिल (चौकटीची खालची आडवी पट्टी) व जिन्याच्या पायऱ्या त्यानुसार खाली आणलेल्या होत्या. असे घर ज्याच्या ताब्यात येते, त्याने एक गोष्ट पक्की धरून चालावे: इतरत्र गैरसोय म्हणून दुरुस्त केली जाणारी कमी उंची हाच येथील सर्वांत मोलाचा भाग आहे.

सुताराला बोलावण्याआधी मोजमाप करावे. प्रत्येक सिल, कडी, मूठ, कठडा, ओटा आणि पायरी यांची उंची जमिनीपासून घ्यावी. परंतु आज दिसणारी जमीन मूळचीच आहे असे गृहीत धरू नये, कारण नंतर टाकलेला फळ्यांचा एखादा थर सगळे आकडे अर्ध्या-पाऊण इंचाने चुकवू शकतो. एखाद्या भिंतीतील कपाटाच्या आत, जेथे सहसा कोणी नवी जमीन घालत नाही, तेथे मूळ पातळी सापडण्याची शक्यता अधिक असते. त्यानंतर दाराच्या कडेवर बॅटरीचा झोत आडवा, लाकडाला जवळजवळ समांतर असा टाकावा. मूठ नंतर वर सरकवली असेल, तर तिच्या खाली जुन्या कुलपाची जागा बुजवणारा चौकोनी लाकडी तुकडा रंगाच्या थरांखालूनही उठून दिसतो आणि त्यावरून मूळ मुठीच्या उंचीचा अंदाज येतो. काढून टाकलेल्या ओट्याची रेघही भिंतीवर अशीच सापडते. १९३३ पासून सुरू असलेल्या अमेरिकन ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाची आरेखने लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पाहायला मिळतात. आपली आरेखने आणि मोजपट्टीसह काढलेली छायाचित्रे त्याच धर्तीवर तयार करावीत. ओहायोतील सेव्हिल येथे ॲना स्वान आणि मार्टिन बेट्स या अतिउंच दांपत्याने १४ फूट उंच छतांचे घर बांधले होते. ते मूळ घर आज उभे नाही आणि त्याची मापे आता प्रत्यक्ष घेता येत नाहीत, यावरून या कामाचे महत्त्व ध्यानात यावे.

घराचा काही भाग पाहुण्यांच्या किंवा नोकरांच्या सोयीने नेहमीच्या उंचीचा असू शकतो. तोही मूळचाच असल्याने पुरावा नसताना सगळे घर ‘छोटे’ करण्याचा मोह टाळावा. अमेरिकेच्या अंतर्गत व्यवहार खात्याची पुनर्वसनविषयक मानकेही तर्कावर आधारित जुनेपणाची भर घालू नये आणि शक्य तेथे भाग बदलण्याऐवजी दुरुस्त करावा, असेच सांगतात.

सर्वांत नाजूक प्रश्न खिडक्यांचा आहे. अमेरिकेतील निवासी बांधकामाच्या आदर्श संहितेनुसार सिल आतील जमिनीपासून २४ इंचांपेक्षा खाली आणि उघडणारी खिडकी बाहेरील जमिनीपासून ७२ इंचांपेक्षा उंचावर असेल, तर नव्या बांधकामात पडण्यापासून संरक्षण लागते. जुन्या घराला हा नियम जसाच्या तसा लागू होईलच असे नाही, तरी धोका खराच आहे. यासाठी सिल उचलू नये. खिडकी ४ इंचांपेक्षा अधिक उघडू न देणारे, पण आगीच्या वेळी सोडवता येणारे उपकरण लहान स्क्रूंनी बसवावे. जुनी काच काढण्याऐवजी तिच्या आतल्या बाजूस सुरक्षित काचेचे वेगळे तावदान लावता येते. १९७८ पूर्वीच्या घरांच्या रंगात शिसे असू शकते आणि खाली असलेली सिल लहान मुलाच्या तोंडाशी येते, म्हणून तेथे कोरडे घासकाम करू नये आणि शिशाच्या कामाचे प्रमाणपत्र असलेलाच कंत्राटदार नेमावा.

कमी उंचीच्या पायऱ्यांना संहितेची आडकाठी नाही, कारण ती कमाल उंची ठरवते, आणि ती पावणेआठ इंच आहे. अडचण येते ती एखादीच झिजलेली फळी बदलताना. नवी फळी जाड निघाली की ती पायरी इतरांहून वेगळी होते आणि उतरणाऱ्याचा पाय नेमका तेथे चुकतो. कठडा खाली असल्यास तो तसाच ठेवून भिंतीच्या बाजूने ३४ ते ३८ इंचांवर दुसरा लावावा.

स्वयंपाकघरात उंच व्यक्तीसाठी ३६ इंचांचा ओटा हवा असेल, तर तो समोरच्या भिंतीशी सुटा उभारावा. कमी उंचीची माणसे राहायला येणार असतील, तर मात्र जुना ओटा पुन्हा वापरात आणावा आणि विजेची नवी बटणेही मूळ मुठींच्या पातळीवर घ्यावीत. माझ्या मते या घराचा याहून योग्य उपयोग दुसरा नाही.

अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नाव असल्याने खासगी खर्चाच्या कामावर आपोआप बंधन येत नाही, परंतु स्थानिक वारसा क्षेत्राचे नियम ते घालू शकतात. म्हणून मोजमापाची आरेखने घेऊन स्थानिक बांधकाम अधिकाऱ्यांना कामाआधी भेटावे. ऐतिहासिक वास्तूंना सवलत देण्याची मुभा त्यांना अनेकदा असते. काम सुरू झाल्यावर नव्या लाकडाच्या न दिसणाऱ्या बाजूवर वर्ष कोरावे आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग त्याची जागा लिहिलेल्या चिठ्ठीसह माळ्यावर जपून ठेवावा.