दूर पल्ल्याची मोटरबोट: घेताना आणि सज्ज करताना

दूर पल्ल्याची मोटरबोट घेऊ इच्छिणाऱ्याने बोटीची लांबी आणि केबिनची संख्या बाजूला ठेवून आधी एकच आकडा ठरवावा: वाटेत इंधन न भरता आपल्याला सलग किती सागरी मैल जावे लागणार आहे? मुंबई ते गोवा सुमारे २३० सागरी मैल आहे, कोचीहून लक्षद्वीपमधील अगत्ती सुमारे २५०, कोचीहून माले सुमारे ४०० आणि मुंबईहून मस्कत सुमारे ८५०. अमेरिकेत स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाने कॅलिफोर्नियाहून हवाईला जायचे मनात आणले, तर हाच आकडा २,१०० च्या आसपास जातो आणि त्यासाठी लागणारी बोट वेगळ्याच जातीची असते. आपण खरोखर जाणार आहोत त्या सर्वांत लांब टप्प्यासाठी बोट घ्यावी, कारण कधीच न होणाऱ्या महासागरी प्रवासाची किंमत टाक्यांच्या, वजनाच्या आणि देखभालीच्या रूपाने दरवर्षी मोजावी लागते.

पल्ला टाकीइतकाच वेगावर अवलंबून असतो. दूर जाणाऱ्या बोटी पाण्यावर उचलल्या जाऊन धावत नाहीत, त्या पाणी बाजूला सारत चालतात आणि त्यांच्या वेगाला जलरेषेच्या, म्हणजे पाण्याला टेकलेल्या भागाच्या, लांबीची मर्यादा असते. जलरेषेची फुटांतील लांबी घेऊन तिच्या वर्गमूळाला १.३४ ने गुणले की ही मर्यादा नॉटमध्ये, म्हणजे तासाला किती सागरी मैल अशी, मिळते. जलरेषा ३६ फूट असेल, तर ती सुमारे ८ नॉट येते. या मर्यादेजवळ जाताना इंधनाचा खर्च झपाट्याने चढतो. समजा, अशा एका बोटीला ६.५ नॉटला ताशी ९ लिटर आणि ७.५ नॉटला ताशी १५ लिटर डिझेल लागते आणि टाक्यांत ३,५०० लिटर डिझेल आहे. पाचवा हिस्सा राखीव ठेवला, तर पहिल्या वेगाने सुमारे २,००० सागरी मैल जाता येते आणि दुसऱ्या वेगाने १,४००. एका नॉटच्या घाईने सहाशे मैल गेले. ज्यांना दिवसभर सहा-साडेसहा नॉटने चालण्याचा कंटाळा येतो, त्यांनी ही बोट घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बोट ताब्यात आल्यावर हे आकडे कारखान्याच्या माहितीपत्रकातून न घेता स्वतः मोजून तक्ता करावा. इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या दर वेळी २०० ने वाढवून ते स्थिर चालवावे, प्रवाहाचा परिणाम जाण्यायेण्यात कटावा म्हणून प्रत्येक टप्पा दोन्ही दिशांनी करावा आणि वेग व इंधनाचा खर्च लिहून ठेवावा. टाकीला विजेवर चालणारा मापक असला, तरी उभी पारदर्शक नळी अवश्य असावी, कारण ती बिघडत नाही.

जुनी बोट घेणे बहुतेकांना परवडते आणि त्यात वावगे काही नाही, मात्र ती पाण्याबाहेर काढून तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. फायबरच्या बोटीत तळाला फोड आले आहेत का, डेकच्या आतील लाकडी गाभ्यात पाणी मुरले आहे का, हे तपासनीस लहान हातोडीने ठोकून आणि ओलावामापकाने पाहतो. पोलादी बोटीत पत्र्याची जाडी ध्वनिलहरींनी मोजून घ्यावी. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या तेलाचे नमुने प्रयोगशाळेत द्यावेत. अमेरिकेतून बोट आणणाऱ्याने तिची वीजव्यवस्था १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची असते हे विसरू नये; आपल्याकडच्या धक्क्यावरील २३० व्होल्टला ती तशीच जोडता येत नाही आणि ती बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. युरोपीय मानकात ‘अ’ वर्गाची बोट म्हणजे वाऱ्याच्या जोराच्या बोफर्ट मापनावर आठपेक्षा जास्त वारा आणि चार मीटरहून उंच लाटा गृहीत धरून बांधलेली बोट. मोकळ्या समुद्रात जाणाऱ्याने याखाली उतरू नये.

आता इंधनाकडे येऊ, कारण समुद्रात डिझेल इंजिन बंद पडते ते बहुतेक वेळा इंधनातील पाणी, गाळ किंवा हवा यांमुळे. टाकीच्या तळाशी पाणी साचले की पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात आणि काळपट बुळबुळीत थर तयार होतो. बोट धक्क्याला उभी असेपर्यंत तो तळाशी पडून राहतो. पहिल्याच खवळलेल्या समुद्रात तो ढवळून वर येतो आणि नेमके इंजिन लागते तेव्हा फिल्टर तुंबतो. म्हणून टाकीला तळातून पाणी काढण्याची तोटी आणि आत हात घालून साफ करता येईल असे झाकण हवे. ही दोन्ही नसलेली टाकी सौद्याच्या वेळी मोठा दोष समजावा.

इंजिनाआधी दोन फिल्टर शेजारी-शेजारी असावेत आणि मधली चावी फिरवून इंजिन न थांबवता एकावरून दुसऱ्यावर जाता यावे. या प्राथमिक फिल्टरांत १० किंवा ३० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाळी घालावी. २ मायक्रॉनचे काम इंजिनावरील फिल्टरवर सोडावे, नाहीतर पहिलाच फिल्टर वारंवार तुंबतो. फिल्टरवर निर्वातमापक, म्हणजे फिल्टर तुंबू लागला की वाढणारी ओढ दाखवणारा काटा, बसवावा. स्वच्छ फिल्टर असताना काटा कुठे असतो त्याची खूण काचेवर करून ठेवावी आणि काटा पाऱ्याच्या ७ ते १० इंचांच्या दरम्यान आला की फिल्टर बदलावा. ही एक स्वस्त वस्तू टेहळणीवरच्या माणसाला तासन्तास आधी सूचना देते, तरीही कित्येक महागड्या बोटींत ती नसते. याखेरीज टाकीतील डिझेल छोट्या पंपाने फिल्टरमधून फिरवत ठेवण्याची सोय आणि शक्य असेल तर गाळलेले डिझेल साठवणारी, इंजिनाच्या वर बसवलेली रोजची टाकी करावी.

कोकणात हे अधिकच लागू पडते. मच्छीमार बंदरांतील डिझेलचे पंप प्रामुख्याने मच्छीमारांच्या सहकारी संस्थांसाठी असतात, त्यामुळे खासगी बोटीला पुष्कळदा रस्त्यावरच्या पंपावरून पिंपांतून डिझेल आणावे लागते. पिंप रात्रभर स्थिर ठेवावे, तळाचे चार बोटे डिझेल न घेता वरचेच घ्यावे आणि ते पाणी अडवणाऱ्या जाळीच्या नरसाळ्यातून टाकीत ओतावे.

इंजिनाच्या बाबतीत माझा कल कमी फेऱ्यांवर दिवसेंदिवस चालणाऱ्या एकाच जड डिझेल इंजिनाकडे आहे. ज्याचे सुटे भाग आणि मिस्त्री आपल्या किनाऱ्यावर सहज मिळतात, असे इंजिन नावाजलेल्या पण दुर्मिळ इंजिनापेक्षा बरे. मुख्य इंजिन दगा देईल या शक्यतेसाठी स्वतंत्र पंखा (प्रोपेलर) आणि स्वतंत्र इंधनवाहिनी असलेले छोटे दुसरे इंजिन ठेवतात. त्याने बोट चार-पाच नॉटने घरी येते. दर महिन्याला ते भाराखाली चालवले नाही, तर गरजेच्या वेळी तेही सुरू होत नाही. पंख्याच्या दांड्यावर दोर कापणारे पाते बसवणे आपल्या किनाऱ्यावर जवळपास सक्तीचे समजावे. डोल जाळ्यांचे दोर आणि थर्माकोलच्या तुकड्यावर सोडलेली जाळी रात्री ना डोळ्यांना दिसतात, ना रडारला.

समुद्राच्या पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात रबरी इम्पेलर, म्हणजे ते पाणी ढकलणारे पात्यांचे चाक, असतो. त्याची पाती तुटली, तर नवा इम्पेलर बसवण्याआधी तुटलेले तुकडे मोजून सगळे शोधून काढावेत. राहिलेला तुकडा पुढे उष्णता-विनिमयकात, म्हणजे इंजिनाची उष्णता समुद्राच्या पाण्याला देणाऱ्या भागात, अडकतो आणि इंजिन पुन्हा तापते.

गोल तळाची जड बोट आडव्या लाटेत खूप हेलकावते आणि त्याने माणसे इतकी थकतात की चुका होऊ लागतात. त्यामुळे हेलकावे रोखणारी यंत्रणा ही चैन नव्हे. तळाला बसवलेले विजेवर किंवा तेलदाबावर हलणारे पंख चालत्या बोटीत उत्तम काम करतात. जायरो, म्हणजे वेगाने फिरणारे जड चाक, नांगरलेल्या बोटीतही उपयोगी पडतो, पण त्याला सतत भरपूर वीज लागते. सर्वांत साधी पद्धत मच्छीमारांकडून आलेली आहे: दोन्ही बाजूंना सुमारे ४५ अंशांत काठ्या पसरून त्यांच्या टोकांना दोराने पाण्याखाली पॅराव्हेन, म्हणजे हेलकाव्याला विरोध करणारे जड पंख, ओढायचे. वेग अर्धा ते एक नॉट कमी होतो आणि ते टाकण्याकाढण्याला सराव लागतो, मात्र बिघडण्यासारखे त्यात फारसे काही नसते.

नांगरावर पैसे वाचवू नयेत. बारा ते पंधरा मीटरच्या बोटीला कारखान्याने सुचवलेल्यापेक्षा एक माप मोठा, आधुनिक फाळाचा नांगर आणि १० किंवा १२ मिलिमीटरची निदान ८० मीटर साखळी असावी. साखळी किती सोडायची याचा हिशोब मुंबईच्या परिसरात बाहेरून आलेले लोक हमखास चुकवतात, कारण इथे उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील फरक साडेचार मीटरच्या आसपास जातो. ओहोटीला खोली ४ मीटर दिसली म्हणून तिच्या पाचपट, म्हणजे २० मीटर साखळी सोडली असे समजा. सहा तासांनी पाणी ८.५ मीटर होते, नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासून उंची दीड मीटर धरली तर एकूण १० मीटर, आणि साखळी उरते फक्त दुप्पट. बरोबर हिशोबाने ५० मीटर सोडायला हवी. साखळीचा ताण ती ओढणाऱ्या विंचवर न ठेवता नायलॉनच्या दोराने डेकवरील खुंट्यांवर घ्यावा.

वीज आणि पाणी यांबाबत थोडक्यात. रोजचा वापर अँपिअर-तासांत मोजल्याशिवाय बॅटऱ्या घेऊ नयेत. फ्रीज आणि स्वयंचलित सुकाणू हे सर्वांत मोठे खाणारे असतात. लिथियम बॅटऱ्या बसवताना इंजिनावर वीज तयार करणारा अल्टरनेटर त्यांना साजेसा करून घ्यावा, नाहीतर तो जळतो. समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र खाडीच्या गढूळ किंवा तेलकट पाण्यात चालवू नये आणि त्याचे पडदे क्लोरीन असलेल्या नळाच्या पाण्याने धुऊ नयेत.

दळणवळणाच्या साधनांत जवळच्या बोटींशी बोलण्याचा व्हीएचएफ रेडिओ, रडार, आसपासच्या जहाजांची ओळख आणि जागा दाखवणारे एआयएस आणि उपग्रहामार्फत संकटाचा इशारा देणारा ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन एवढे असावेच. भारतीय बोटीच्या बीकनची नोंद बंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात होते. न नोंदवलेला बीकन वाजला तरी बोट कोणाची आणि घरी कोणाला विचारायचे, हे शोधण्यात वेळ जातो. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ सुकाणूजवळ लिहून ठेवावा. परदेशातून येणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी: थुराया आणि इरिडियमचे उपग्रह फोन, तसेच उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी हातातली यंत्रे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात बाळगता येत नाहीत आणि अशा प्रकरणांत अटकही झालेली आहे. लक्षद्वीपला जाण्यासाठी प्रवेशपरवाना लागतो, तोही निघण्यापूर्वी हातात असावा.

सुट्या भागांची यादी कारखान्याच्या पुस्तकातून न उतरवता आपल्या इंजिनघरात उभे राहून करावी. जे बंद पडल्यावर बोट थांबते, त्या प्रत्येक वस्तूचा जोड हवा: इम्पेलर, पट्टे, समुद्राच्या पाण्याचा अख्खा पंप, स्टार्टर, अल्टरनेटर, इंधन उचलणारा पंप आणि किमान डझनभर फिल्टर. चालत्या प्रवासात दर तासाला एकाने इंजिनघरात जाऊन ठरावीक ठिकाणांचे तापमान अवरक्त तापमापकाने मोजून वहीत लिहावे. आकडे एकाखाली एक लिहिले की हळूहळू चढणारे तापमान भोंगा वाजण्याच्या कितीतरी आधी लक्षात येते.

खर्चाचा जुना ठोकताळा असा की बोटीच्या किमतीच्या सुमारे दहा टक्के रक्कम दरवर्षी देखभालीला लागते. आपल्याकडे पावसाळ्याची भर पडते. पश्चिम किनाऱ्यावर साधारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि सप्टेंबरपर्यंत समुद्र छोट्या बोटींचा नसतो, म्हणून बोट वर ओढून घेण्याची किंवा सुरक्षित खाडीत ठेवण्याची जागा खरेदीआधीच ठरवावी. कोचीतील बोळगट्टीची मरीना हा एक पर्याय आहे. बोट वर असतानाच तळाचा रंग, इतर धातूंऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे ठोकळे आणि तळातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या सगळ्या चाव्या (व्हॉल्व्ह) पाहून घ्याव्यात. पुन्हा पाण्यात उतरवल्यावर एक-दोन दिवसांनी इंजिन आणि दांडा सरळ रेषेत आहेत का ते तपासावे, कारण बोटीचा आकार पाण्यात किंचित बदलतो.

पहिला प्रवास मुंबई ते गोवा असा करावा. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्रात उतरतात म्हणून नव्या बोटीने उतरण्याची घाई करू नये. ऑक्टोबर उजाडू द्यावा, आणि तेव्हाही हवामान विभागाचा अंदाज आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज रोज पाहावा, कारण २००९ चे फयान वादळ नोव्हेंबरातच कोकणावर आले होते. जयगड, रत्नागिरी आणि विजयदुर्ग अशा मुक्कामांनी खाली उतरावे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकाळ पाण्यात अंधारात शिरू नये. परतीला दुपारनंतर वायव्येचा वारा समोरून येतो आणि वेगातले दीड नॉट सहज खातो. म्हणून जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा असतो तेव्हा, पहाटे तीन-चारला निघून दुपारी बारा-एकच्या आत पुढचा मुक्काम गाठावा आणि प्रत्येक मुक्कामी खर्चलेले डिझेल आपल्या तक्त्याशी ताडून पाहावे.